खोंडाला मका की हुलगे? यात्रेआधीच्या दोन महिन्यांचा प्रश्न

दसरा झाला की ओळखीपाळखीतून हाच प्रश्न येतो. खोंड चांगला आहे, शिंगं जुळती आहेत, पाय सरळ आहेत, पण मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात उभा करायचा तर अंगाने कमी पडतोय. हातात दोन-सव्वादोन महिने. खुराकाला मका लावू की हुलगे?

मी दोन्ही करून बसलोय. लागोपाठच्या दोन वर्षी, घरच्याच दोन खिलार गाईंचे दोन खोंड, दोन्ही दोन दाती, म्हणजे पुढचे दोन पक्के दात आलेले. एकाला मक्याचा भरडा, दुसऱ्याला शिजवलेले हुलगे. जंताचं औषध, लाळ्या-खुरकूतची लस, कानातला बिल्ला, खनिज मिश्रण, शाळूचा कडबा हे सगळं धरूनच चालतो, ते नव्याने सांगायची गरज नाही. भिजवलेली सरकी पेंडही दोन्ही वर्षी होतीच, दिवसाला किलोभर. खोंड पुढे वळू म्हणून ठेवायचा असेल तर सरकीचा हात आखडताच बरा, तिच्यातलं गॉसिपॉल रेताला चांगलं नाही. आता प्रश्न राहतो तो पेंडीच्या वरच्या खुराकाचा.

आधी वजन कसं मोजलं ते सांगतो, म्हणजे माझ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवाल. आमच्या भागात मोठा काटा साखर कारखान्यावर. तिथे खोंड घेऊन गेलो तर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत दिवस जायचा आणि खोंड बिथरायचा ते वेगळंच. म्हणून आबांची पद्धत: पुढच्या पायांच्या मागे छातीभोवती सुती दोरी आवळायची आणि जिथे जुळेल तिथे गाठ मारायची. दर अमावास्येला तीच दोरी. आकडा हवा असेल तर छातीचा घेर इंचात घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्यापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा, किलो येतात. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर साधारण २७३ किलो. घेर ६२ झाला की २९१. दोन इंचांत अठरा किलो, म्हणजे दोरी जरा सैल धरली तरी खोंड वाढतो! आबा म्हणायचे, दोरी धरणारा माणूस बदलू नको.

मक्याचं वर्ष आधी. दिवाळीला मका घरातच असतो, विकत आणायचा नसतो, ही त्याची सगळ्यात मोठी बाजू. मी अर्ध्या किलोने सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत अडीच किलोवर नेलं. घाई केली की पोट आंबतं, रवंथ थांबतो आणि मग रात्री डॉक्टरांना उठवायची पाळी येते, म्हणून इथे चिकाटी लागते. खोंड आवडीने खायचा. गव्हाणीत पाटी ठेवायच्या आधीच मान घालायचा. दोन महिन्यांत दोरीची गाठ चार बोटं सरकली. बरगड्या झाकल्या, पुठ्ठा गोल दिसायला लागला. शेजारचे येऊन पाठीवर थाप मारून जायचे. मी खूश.

कुरकुर होती ती एकच, आणि तेव्हा मला ती क्षुल्लक वाटली होती. शेण पातळ व्हायचं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा. शेपटीचा गोंडा भिजायचा, माश्या हाकताना तोच गोंडा दोन्ही मांड्यांवर आपटायचा आणि पांढऱ्याशुभ्र अंगावर पिवळट हिरवे पट्टे उठायचे. सुरुवातीला बादलीभर पाणी मारलं की निघायचे. महिन्याभरात त्या जागेचे केसच पिवळसर पडले. साबण झाला, रिठा झाला, कोणी सांगितलं म्हणून ताक लावलं. काळ्या-तांबड्या जनावराला हे चाललं असतं. खिलारचं सगळं रूप त्या पांढऱ्या, तुकतुकीत चामडीत असतं, आणि मी दोन महिने जे मांस चढवत होतो त्यावरच रोज डाग पाडत होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे चारला उठून खोंड धुतला. पुसेगावची डिसेंबरातली पहाट ज्यांनी अनुभवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खोंड काकडला, अंगावरचा केस न् केस उभा राहिला, चमक गेली. पट्टे काही गेले नाहीत. पोट सकाळीही ढमढमीत होतं. खिलारमध्ये पोट आवळ लागतं, सुटलेलं पोट म्हणजे गाभण गाईसारखं दिसतं. पंचांनी शिंगं पाहिली, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला, मांडीपाशी हात थांबला आणि ते पुढच्या खोंडाकडे गेले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता मक्याची बाजूही घेतली पाहिजे. माझा भरडा भरडा नव्हताच, गिरणीवाल्याने जवळजवळ पीठ केलं होतं. पीठ पोटात फार लवकर आंबतं आणि जे नीट पचत नाही ते पुढे आतड्यात जाऊन शेण पातळ करतं. रव्यापेक्षा जाड, एका दाण्याचे चार-पाच तुकडे, असा भरडा मिळाला तर माझी निम्मी तक्रार गळून पडेल. कडबाही मी कमी केला होता, खुराकाला जागा हवी म्हणून. ती चूक माझी. शिवाय तो मका नवा होता, नीट वाळलेला नव्हता, आणि ओल्या मक्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या वर्षी हुलगे. आबांचं म्हणणं आधीपासून तेच होतं, "माणदेशात खोंड हुलग्यावर वाढले, मक्यावर नाही." मी ऐकलं नव्हतं. हुलगा महाग पडतो, मक्यापेक्षा बराच. आणि त्याचा व्याप! रात्री भिजत घालायचे, पहाटे चुलीवर शिजवायचे. कच्चे दिले तर पचायला जड, गुबारा धरतो, म्हणजे पोट फुगतं. आधी चाळायचे, कारण बाजारच्या हुलग्यात खडे असतात आणि दोन दाती खोंडाचे नवे दात आपल्याला पंचांना दाखवायचे असतात. शिजताना फेस उतू जातो, लक्ष हटलं की बूड लागतं. दोन वेळचे एकदम शिजवले तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारतो आणि खोंड तोंड फिरवतो. पहिल्या आठवड्यात आमच्या घरून ऐकायला मिळालं, "खोंडाला रोज ताजं गरम, आणि आम्हाला रात्रीची भाकरी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याच हुलग्यातली ओंजळभर बाजूला निघायला लागली, घरात माडगं आणि शेंगोळ्या व्हायला लागल्या, आणि तक्रार थोडी निवळली.

दिवसाला दीड किलो कोरडे हुलगे, शिजून फुगून मोठी पाटी व्हायची. त्यात गव्हाचा भुसा, मूठभर गूळ, मीठ. दोन महिन्यांनी दोरी तीन बोटं सरकली. म्हणजे मक्यापेक्षा बोटभर कमी, हे नाकारत नाही. त्याचं कारणही सरळ आहे. मका म्हणजे पिष्ट, त्यात प्रथिनं शेकडा नऊ-दहाच्या आसपास. हुलग्यात बावीसच्या घरात. मक्याने अंग भरतं, लवकर भरतं. हुलग्याने वाढत्या खोंडाचं मांस घडतं, पण सावकाश. वजन हवं की आकार, हा प्रश्न मी पहिल्या वर्षी स्वतःला विचारलाच नव्हता.

आणि शेण? बांधलेलं, दोन महिने, एकही दिवस चुकला नाही. गोंडा कोरडा, मांड्या स्वच्छ. सकाळी ओल्या फडक्याने पुसून खरारा केला की काम संपलं. मान, वशिंड, पुठ्ठा असा सगळा खोंड गोटीबंद दिसायचा आणि पोट वर ओढलेलं. यात्रेत धुवायची वेळच आली नाही, फडकं फिरवून उभा केला. नंबर त्याही वर्षी आला नाही, सांगून टाकतो. पण पंच दोनदा फिरून आले, आणि दावणीला बांधल्यावर दोन व्यापाऱ्यांनी उपरण्याखाली हात घालून बोटं दाबली, म्हणजे भाव विचारला. पहिल्या वर्षी एकानेही विचारलं नव्हतं.

दुसरा खोंड रंगाने जरा कोसा होता, त्यावर डाग तसेही कमी दिसतात. पाऊस त्या वर्षी बरा होता, कडबाही चांगला होता. तेव्हा सगळं श्रेय हुलग्याला देऊन मोकळं होता येणार नाही.

तुमचा खोंड खरोखरच हाडकलेला असेल, आजारातून उठला असेल, तर मक्याशिवाय पर्याय नाही असंच मी म्हणेन. दोन महिन्यांत हुलगा ते भरून काढत नाही. घरात पहाटे उठणारं माणूस नसेल तरी मकाच. पैशाचंही बघा. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं बंद झाली, तेव्हा महागडा खुराक घालून बसलेल्यांचे काय हाल झाले ते आपण पाहिलंय. मका वाया गेला तर घरचा जातो. मधला मार्ग काढणारेही आहेत: पहिला महिना मका आणि हुलगे निम्मे-निम्मे, मग मका उतरवत आणायचा आणि यात्रेच्या तीन आठवडे आधी पूर्ण बंद, म्हणजे शेण बसतं आणि डागाळलेला केस झडून नवा यायला थोडी सवड मिळते. मी स्वतः हे करून पाहिलेलं नाही, पण खरसुंडीला पौषात जनावरं नेणारे दोघे-तिघे असंच करतात आणि त्यांचे खोंड पाहून मला तरी खोट काढता आली नाही.

आदल्या रात्री मीठ चारून पाणी पाजायचं आणि सकाळी भरलेला दिसतो म्हणून उभा करायचा, असलं काही मात्र करू नका. पंच ते लांबूनच ओळखतात आणि खोंड दिवसभर मुतत उभा राहतो.

यंदा आमच्या दावणीला आदत खोंड आहे, म्हणजे अजून दुधाच्याच दातांचा, पांढराफेक. मका घरात पोत्यांनी पडलाय. मी परवाच्या बाजारातून पन्नास किलो हुलगे घेऊन आलो, आणि घरी अजून किंमत सांगितलेली नाही.