नॉबवाला एसी की ऑटो क्लायमेट? कोकणात गाडी फिरवणाऱ्यासाठी

"चोवीसवर ठेवा आणि विसरून जा," असं ऑटो क्लायमेट, म्हणजे तापमानाचा आकडा दिला की बाकी आपणहून सांभाळणारा एसी, दाखवताना शोरूमवाले सांगतात. पुण्या-कोल्हापुरात ते बऱ्यापैकी खरं आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात मात्र विसरून जाता येत नाही, आणि त्याचं कारण उन्हापेक्षा हवेतल्या पाण्यात आहे. माझ्याकडे नॉबवाली गाडी आहे आणि कलही तिकडेच आहे. पुढचं वाचताना तेवढी सूट धरावी.

एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर आणि हवा गार करणारी कूलिंग कॉइल बहुधा तीच असते. म्हणून "ऑटोचं कूलिंग जास्त" हा समज आधीच बाजूला ठेवू. ब्लोअरचा वेग, गरम-गार हवेचं मिश्रण आणि बाहेरची हवा आत घेणारी झडप, ही तीन कामं एका गाडीत तुमचा हात करतो आणि दुसरीत सेन्सरच्या सांगण्यावरून छोट्या मोटरी करतात. पहिली दोन कामं मोटरी चांगली करतात. भांडण तिसऱ्या कामावरून आहे.

मे महिन्यात पुण्यात दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर एक किलो हवेत साधारण ८ ग्रॅम पाणी असतं. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के असेल, तर तेच २२ ग्रॅम. ही हवा कॉइलवर ८ अंशांपर्यंत गार करायची म्हटली, तर तापमान पाच अंशांनी कमी असूनही रत्नागिरीच्या हवेतून जवळपास दुप्पट उष्णता काढावी लागते. वाफेचं पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे अडीच किलोज्यूल उष्णता कॉइलच्या अंगावर पडते. गाडी उभी केल्यावर खाली टपटपणारं पाणी म्हणजे तेच काम. आतली हवा एकदा कोरडी झाली आणि तीच फिरत ठेवली, तर कॉइलचं ओझं खूप उतरतं, कारण मग फक्त माणसांचा श्वास-घाम आणि दारांच्या फटींतून येणारी दमट हवा एवढंच सुकवायचं राहतं. झडप उघडली की सगळं पहिल्यापासून.

आता ऑटो काय करतं ते पाहा. गाडी तापलेली असताना बरीचशी ऑटो यंत्रणा आपणहून झडप बंद करते, ब्लोअर जोरात सोडते आणि गाडी पटकन गार करते. इथवर उत्तम. पण आतलं तापमान ठरलेल्या आकड्यापाशी आलं की तिला ताज्या हवेची आठवण होते आणि ती झडप उघडते. तापमान मोजणाऱ्या सेन्सरला २२ ग्रॅम पाणी दिसत नाही. तुम्ही बटण दाबून झडप बंद केलीत तरी काही गाड्या थोड्या वेळाने ती परत उघडतात, आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की बऱ्याच गाड्या मागचं सगळं विसरतात.

महामार्गावर ऐंशीच्या वेगात हे फारसं जाणवत नाही. जाणवतं ते गाडी जागेवर उभी असताना. दाभोळ-धोपावे फेरीच्या रांगेत, महाडच्या किंवा संगमेश्वरच्या कोंडीत इंजिन आयडलिंगला असतं, कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि कंडेन्सरला फक्त पंख्याची हवा मिळते. अशा वेळी झडप उघडी असेल तर व्हेंटमधून येणारी हवा कोमट होत जाते. मग यंत्रणा गारवा कमी पडतोय म्हणून ब्लोअर वाढवते. ब्लोअर वाढला की कॉइलवरून हवा भरभर जाते, कॉइल तितकी थंड राहत नाही आणि हवेतलं पाणी कमी निघतं. आकडा चोवीसचा चोवीस, तरी मानेखाली चिकचिक. हर्णै बंदराजवळ सुकत घातलेल्या मासळीच्या वासात ती झडप उघडली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. चिऱ्यांचा ट्रक पुढे असेल तर वासाच्या जागी तांबडा धुरळा, इतकंच.

नॉबवाल्या गाडीत, विशेषतः जिथे झडपेला केबलचा सरकता खटका आहे तिथे, तो आतल्या हवेवर सरकवला की तुम्ही हलवेपर्यंत तिथेच राहतो. किनाऱ्यावर मे महिन्यात वापरायची पद्धतही सोपी. दोन मिनिटं काचा खाली करून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यायची, मग काचा वर, खटका आतल्या हवेवर, ब्लोअर चारवर पाचेक मिनिटं आणि नंतर दोनवर. दोनवर हवा कमी येते पण कोरडी येते, आणि कोकणात सुख कोरडेपणात आहे. फक्त चार-पाच माणसं बसलेली असताना तासन्‌तास झडप बंद ठेवू नये. कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं, चालकाला पेंग येते. अधूनमधून काही मिनिटं उघडत जावी, आणि तीही समोर मोकळा रस्ता पाहून.

पावसाळ्यात प्रश्न बरोबर उलटा होतो. सावंतवाडीहून आंबोली चढताना बाहेरची हवा गार होत जाते, समोरची काचही गार होते, आणि आतल्या माणसांच्या श्वासातली, ओल्या छत्र्यांची वाफ तिच्यावर धरते. इथे झडप उघडी हवी आणि एसी चालू हवा. ऑटोत कोणी वीसवर ठेवलं असेल तर यंत्रणा अजून गार करण्याच्या नादात झडप बंद ठेवू शकते आणि काच बघता बघता पांढरी होते. आरशाच्या बुडाशी आर्द्रतेचा सेन्सर असलेल्या गाड्या हे वेळेत ओळखतात, पण तो सगळ्या गाड्यांत नसतो. पुढच्या काचेचं बटण दाबलं की ब्लोअर गर्जत सुटतो, काच साफ होते, बटण काढलं की काही गाड्या परत जुन्याच खेळावर येतात. नॉबवाल्या गाडीत खटका बाहेरच्या हवेवर, हवा काचेवर, तापमानाचा नॉब मध्याच्या थोडा पुढे गरमकडे, ब्लोअर दोनवर. घाट संपेपर्यंत हात लावावा लागत नाही.

वाफ आतून आहे की बाहेरून, हे आधी बोट फिरवून पाहावं, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आहे. जुलैच्या रात्री २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर २४ अंशांच्या आसपास दव धरतं. गार हवा काचेवर सोडून ती २२ वर आणली की दव बाहेरच्या बाजूने धरणार. तेव्हा वायपर फिरवायचा, हवा काचेवरून काढून तोंडाकडे वळवायची आणि तापमान दोन-तीन अंशांनी वाढवायचं. घाबरून एसी बंद करणं दोन्ही वेळी चूक. कॉइलवर साचलेलं पाणी एसी बंद होताच पुन्हा वाफ होऊन ब्लोअरच्या हवेबरोबर आत येतं आणि काच आधीपेक्षा जास्त धरते.

हे सगळं वाचून ऑटो निकामी वाटेल, तर तसं नाही. मुंबईहून रात्री निघून पहाटे कणकवलीला पोचणाऱ्यांना, मागच्या सीटवर म्हातारी माणसं किंवा झोपलेली मुलं असणाऱ्यांना ऑटो खरोखर सुखाचं जातं. कशेडीला गारठा, खाली खेडला उकाडा, असा बदल होतो तेव्हा ते गार कोरड्या हवेत हीटरची थोडी ऊब आपणहून मिसळत राहतं. नॉबवाले लोक इथे थंडी वाजली की एसी बंद करतात, दहा मिनिटांनी घामाघूम होऊन चालू करतात. नॉब मध्यावर ठेवला तर नॉबवालीतही तेच मिश्रण मिळतं, आळस आपला. नॉब मध्यावर ठेवल्याने पेट्रोल वाचतं असं मात्र समजू नये, बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर तितकाच चालतो आणि वर हीटरची ऊब मिसळली जाते.

दुरुस्तीत मात्र पारडं बरंच झुकतं. नॉबवाल्या गाडीचं नेहमीचं दुखणं म्हणजे ब्लोअरचा वेग ठरवणारा रेझिस्टर जळणं. एक-दोन-तीन बंद, फक्त चार चालू, असं झालं की तोच. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, शेकड्यांत मिळतो आणि चिपळूण-कुडाळचा कोणताही बरा एसीवाला तासाभरात बदलतो. नवा घालताना कनेक्टर जळून काळा पडलाय का ते पाहायला सांगावं, आणि केबिन फिल्टर तुंबला असेल तर तो आधी बदलावा. फिल्टर तुंबला की रेझिस्टरला गार ठेवणारी हवा कमी पडते आणि नवा रेझिस्टरही जातो.

ऑटोत दुखणी जास्त आणि लपलेली. गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेच्या मोटरीतले प्लॅस्टिकचे दाते झिजले की गाडी चालू करताना डॅशबोर्डच्या आतून टकटक येते आणि एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने कोमट हवा येते. मोटर हाताला लागली तर ठीक, नाहीतर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि पार्ट बाहेरगावाहून मागवावा लागतो. गावच्या घरी महिनोन्‌महिने उभी राहणारी चाकरमान्यांची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. बॅटरी उतरू नये म्हणून टर्मिनल काढून ठेवायची पद्धत आहे. टर्मिनल परत जोडल्यावर काही गाड्यांच्या मोटरी आपली जागा विसरतात. इग्निशन चालू करून, एसीचं कोणतंही बटण न दाबता मिनिटभर थांबलं की बऱ्याच गाड्यांत त्या स्वतः जागा शोधून घेतात. काहींना स्कॅनर लावावाच लागतो. झाडाखाली उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच, आणि ऑटोत कुरतडायला वायरी जास्त.

सेन्सरांची काळजी फुकट आहे, पण ती कोणी सांगत नाही. डॅशबोर्डवर काचेजवळ काळा बटणासारखा उंचवटा असतो, तो उन्हाचा सेन्सर. नेमकी तिथेच गणपतीची मूर्ती बसते किंवा मखमली कापड अंथरलं जातं. मग यंत्रणेला वाटतं सावली आहे, आणि भर दुपारी ब्लोअर मंद राहतो. बाप्पाला चार बोटं बाजूला सरकवलं की झालं. स्टिअरिंगजवळची बारीक जाळी म्हणजे आतलं तापमान मोजणारा सेन्सर. तांबड्या मातीने ती बुजली तर आकडा उशिरा कळतो आणि गाडी आधी जास्त गार, मग जास्त गरम होत राहते. मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करावी, हवेचा प्रेशर मारू नये.

कंडेन्सरवरचा खार आणि तुंबलेला ड्रेन पाइप दोन्ही गाड्यांना सारखाच त्रास देतात. समुद्रालगत गाडी असेल तर पंधरवड्यातून एकदा पुढच्या जाळीतून साध्या नळाच्या धारेने कंडेन्सर धुवावा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ अ‍ॅल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि हवाच जात नाही. डावीकडे पायाखाली मॅट ओली दिसली तर गळती शोधत बसण्याआधी ड्रेन पाइप पाहावा. गाडी उभीच असेल तर आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं.

शोरूममध्ये जाल तेव्हा दोन्ही व्हेरियंट पाहताना एसी किती गार करतो हे बघू नका, नवी गाडी गार करणारच. झडप बंद करा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करा आणि ती बंदच राहिली का ते पाहा. ऑटोवर ठेवून टेस्ट ड्राइव्हला किमान वीस मिनिटं न्या आणि झडपेचा दिवा मध्येच बदलतो का याकडे लक्ष ठेवा. पुढच्या काचेचं बटण दाबा, काढा, झडप कुठे येते ते पाहा. मग रस्त्यावरची नजर न काढता झडप आणि ब्लोअर बदलून पाहा. एसी नुसता टचस्क्रीनवर असेल तर परशुराम घाटात पावसात, ओल्या बोटांनी ते जमणार आहे का, याचा अंदाज तिथेच येतो. नॉबवाल्या नव्या गाड्यांतही आता खटक्याऐवजी बटण यायला लागलंय, म्हणून ही परीक्षा तिलाही द्यायला लावा. झडपेची निवड लक्षात ठेवणारं, वेगळी बटणं असलेलं ऑटो मिळालं आणि घरी म्हातारी माणसं असतील, तर ते घ्यायला हरकत नाही. तसं नसेल तर वरच्या व्हेरियंटचे पैसे निदान एसीसाठी तरी मोजू नयेत.