पाखरांचा खाऊ, पाला आणि कुरतडायची खेळणी: बरेच महिने वापरून झाल्यावर

घरी बजींची (बजरीगर, छोटे पोपट) जोडी आहे आणि वेगळ्या पिंजऱ्यात एक लव्हबर्ड मादी, तीही छोट्या पोपटाचीच एक जात. तिघांच्या चोचीखालून आता इतकं सामान गेलंय की थोडं ठामपणे लिहिता येईल. ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले, त्याच्याकडे पाखरांनी सगळ्यात कमी पाहिलं.

उदाहरणार्थ, रंगीत प्लॅस्टिकच्या मण्यांचं लटकतं खेळणं. पाकिटावर ‘टिकाऊ’ लिहिलं होतं आणि ते खरंच टिकलंय, कारण त्याला कुणी चोचच लावली नाही. कुरतडायच्या खेळण्याचा भुगा व्हायलाच हवा. बाल्साचं लाकूड इतकं मऊ असतं की बजीची इवलीशी चोचही त्यात घुसते. लव्हबर्ड मात्र तोच ठोकळा एका दुपारीत संपवते, म्हणून तिला पाइनचे कच्चे तुकडे देते, पॉलिश किंवा रसायन न लावलेले. पेरूच्या फांद्या याहून सरस आणि फुकट. साल सोलण्यातच त्यांचा निम्मा दिवस जातो. झाडावर फवारणी झालेली नसावी, फांदी घासून धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी असते.

लव्हबर्डचा खरा जीव कोऱ्या कागदात. कागदाच्या काठाने चोच शिवणयंत्रासारखी चालवत ती ओळीने भोकं पाडत जाते, लांब पट्टी सुटी करते आणि मान मागे वळवून शेपटीच्या वरच्या पिसांत खोचते. निम्म्या पट्ट्या खाली पडतात, तरी बाई दमत नाहीत. पीच-फेस्ड या लव्हबर्डच्या जातीतल्या माद्यांची ही घरट्यासाठीची उपजत सवय आहे. म्हणूनच कागद रोज देत नाही. घरट्याचं सामान हाती आलं की मादी एकटी असली तरी अंडी घालायला लागू शकते, आणि अंडं अडकणं हे जिवावरचं दुखणं. बजींना कागद दिला तर ते त्याच्यावर नुसते बसतात.

सुती दोरीची दांडी काढून टाकली. धागे सुटले की नखं त्यात अडकतात, आणि गिळले गेले तर अन्नपिशवीत (गळ्याखालच्या, दाणे साठवायच्या पिशवीत) त्यांचा गोळा होऊ शकतो. घुंगरांच्या फटीत बोट अडकतं, म्हणून तेही नकोत. पैसे खर्च करायचेच तर हुक आणि साखळीवर करा, स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा शिसं चोचीने खरवडून पोटात गेलं तर विषबाधा होते.

खाऊमध्ये राळ्याचं कणीस पहिल्या नंबरवर. हाताला न येणारा बजीसुद्धा कणसासाठी बोटावर चढला. पण बजीचं वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम, तेव्हा आपल्याला चिमूटभर वाटतं ते त्याला पंगतीचं जेवण होतं. सगळा वरखाऊ मिळून आहाराच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवते. मधाच्या काड्या पुन्हा घेणार नाही: रोजच्याच बिया, वर साखरेचा चिकटा. सूर्यफुलाच्या बिया तेलकट, त्या फक्त शिकवताना बक्षीस म्हणून.

पाल्याने मात्र पैसे वसूल झाले. नुसत्या बियांवर वाढलेल्या पाखरांत ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि गडद हिरवी पानं ती उणीव भरून काढतात. कोथिंबीर, मेथी, शेवगा, गाजराचा पाला आलटून पालटून देते. पालकात ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियम अडवतं, म्हणून तो अधूनमधून. वाटीत ठेवलेल्या पानांकडे बजींनी कितीतरी आठवडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुडी धुऊन ओलीच दांडीजवळ चिमट्याने टांगली तेव्हा आधी त्यांनी तिच्यात अंग घासून आंघोळ केली, मग पानं तोडायला लागले. काही तासांनी उरलेलं काढून टाकते. पाल्यानंतर विष्ठा हिरवट, पातळ होते आणि बीट खाल्लं की लालसर. दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली किंवा पाखरू फुगून बसलं, तर डॉक्टरकडे न्यावं.

अव्होकॅडो, चॉकलेट, कांदा-लसूण, चहा-कॉफी, खारट काहीही नाही. सफरचंद द्या, पण बिया काढून.

समुद्रफेन, म्हणजे कटलफिशच्या अंगातलं पांढरं कवच, दोन्ही पिंजऱ्यांत कायम असतो. स्वस्त आहे आणि कॅल्शियमची सोय होते. सोबत ग्रिटचं (बारीक खड्यांचं) पाकीट खपवलं जातं, ते घेऊ नका. पोपटवर्गातले पक्षी दाणा सोलून खातात, त्यांना दळायला खडे लागत नाहीत. सालीसकट दाणे गिळणाऱ्या कबुतरांची गोष्ट वेगळी. माझं पाकीट न उघडता पडून आहे, कबुतरं पाळणारं कुणी भेटलं की देऊन टाकणार.