नाशिकमधल्या घरासाठी कोळशाचा स्मोकर कोणता घ्यावा

मटणाचा अख्खा फरा कोळशाच्या मंद आचेवर पाच-सहा तास ठेवून हाडापासून आपोआप सुटेल इतका मऊ करायचा असेल, तर घरातली शेगडी किंवा कबाबाची लांबट जाळी त्या कामाची नाही, हे मला पहिल्या दोन प्रयत्नांतच कळले. दोन्ही वेळा बाहेरून करपलेला आणि हाडाशी चिवट राहिलेला फरा शेवटी कुकरमध्ये घालावा लागला. त्यानंतरच्या तीन वर्षांत मी स्मोकरचे, म्हणजे झाकण लावून मंद आचेवर आणि धुरात मांस शिजवणाऱ्या भट्टीचे, केटल, बुलेट आणि ड्रम हे तीन प्रकार इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर सलग वापरले, तर सिरॅमिकचा, अंड्याच्या आकाराचा कामाडो एका मित्राच्या शेतघरी दोनदा वापरून पाहिला. नाशिकमध्ये राहणाऱ्या, महिन्यातून एकदोनदा आठ-दहा माणसांसाठी स्वयंपाक करणाऱ्या घराला यांतला कोणता स्मोकर उपयोगी पडेल, एवढाच प्रश्न समोर ठेवून हे लिहीत आहे.

मंद आच म्हणजे साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस. फरा, नळी, मान असे जे भाग जनावर चालताना सतत वापरते, त्यांत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन भरपूर असते. मांसाचे आतले तापमान ७० अंशांच्या वर जाऊन तिथे बराच वेळ टिकले, म्हणजे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि मांसाला तो लुसलुशीतपणा येतो. आच वाढवून हा वेळ वाचवता येत नाही, कारण मग आतले कोलॅजेन विरघळण्याआधीच बाहेरचा थर कोरडा पडतो. म्हणून स्मोकरचे खरे काम एकच आहे: एकदा साधलेले तापमान तासन् तास, सारखे न उघडता आणि सारखे कोळसे न घालता, टिकवून धरणे.

कोळसा किती जळायचा हे हवा ठरवते. खालच्या झडपेतून जितकी हवा आत जाईल तितकेच निखारे फुलतात, आणि वरच्या झडपेतून धूर बाहेर पडला तरच खालून नवी हवा ओढली जाते. त्यामुळे वरची झडप उघडी ठेवायची आणि आच खालच्या झडपेने सांभाळायची. पण झाकणाच्या कडेला किंवा कोळशाच्या दाराला फट असेल, तर झडप पूर्ण बंद करूनही हवा आत शिरत राहते आणि तापमान १५०च्या वर निघून जाते. पत्रा किती जाड, रंग कोणता, चाके किती मोठी, यांपेक्षा सांधे किती घट्ट आहेत हे मी म्हणूनच आधी पाहतो. दुकानात आग पेटवून पाहता येत नसली, तरी मोबाईलचा दिवा लावून तो आत ठेवावा, झाकण व झडपा बंद कराव्यात आणि स्मोकर जरा अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन चहूबाजूंनी निरखावा. उजेड जिथून बाहेर येतो तिथूनच पुढे हवा आत जाणार असते.

केटल म्हणजे गोल पोटाची, घुमटाकार झाकणाची बार्बेक्यू. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स या धातूकाम कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली, समुद्रात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाचे धातूचे अर्धगोल वापरून ती तयार केली. मुळात ती भाजण्यासाठी आहे, पण तिच्यात मंद आचही साधते. त्यासाठी कोळशाच्या सारख्या आकाराच्या विटा कडेने दोन ओळींत, एकावर एक, अर्धगोलात रचतात आणि एकाच टोकाला चार-पाच निखारे ठेवतात, म्हणजे आग उदबत्तीसारखी एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जाते. आपल्याकडचा बाभळीचा कोळसा या रचनेला चालत नाही. त्याचे तुकडे लहानमोठे असल्यामुळे आग मध्येच अडते किंवा एकदम दोन ठिकाणी पेटते. नारळाच्या करवंटीच्या दाबलेल्या विटा घेतल्या तर ५७ सेंटिमीटरच्या केटलमध्ये मला पाच तास ११५च्या आसपास सहज मिळाले. जागा मात्र एका फऱ्याचीच होते, आणि आगीकडची बाजू लवकर तापत असल्याने तासातासाने झाकण उघडून तो फिरवावा लागतो. ज्यांना एरवी रोजचे भाजणेच करायचे आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा मंद आच हवी आहे, त्यांनी केटलच घ्यावी.

मला सर्वांत जास्त पटला तो बुलेट. उभ्या नळकांड्यासारख्या या स्मोकरची रचना खालून वर अशी असते. तळाला कोळशाचे कडे, त्याच्या वर पाण्याचे पसरट भांडे, त्याच्यावर दोन जाळ्या आणि शेवटी घुमट. वेबर स्मोकी माउंटन हा यातला सर्वांत परिचित नमुना १९८१पासून बाजारात आहे आणि १४, १८ व २२ इंच व्यासांत मिळतो. पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळत राहते, त्यामुळे भांडे निखारे आणि मांस यांच्यामध्ये पडद्यासारखे उभे राहून आचेचे चढउतार स्वतःवर घेते. कडे न पेटलेल्या कोळशाने भरून वर मोजकेच पेटलेले निखारे पसरायचे, म्हणजे आग वरून खाली संथपणे उतरते. अमेरिकेतल्या जिम मिनियन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. १८ इंची बुलेटमध्ये चार किलो निवडलेल्या बाभळीच्या कोळशावर मी पावणेदोन किलोचा फरा साडेपाच तासांत शिजवला, आणि त्या काळात झाकण दोनदाच उघडले. पाच तासांत खालच्या झडपांना माझा हात चार-पाच वेळाच लागला असेल.

व्यासाच्या बाबतीत अमेरिकन पाककृती वाचून मोठा आकार घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. तिथली मापे गाईच्या पाच-सहा किलोंच्या ब्रिस्केटची, म्हणजे छातीच्या मांसाची असतात. महाराष्ट्रात २०१५पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, आणि आपल्या खाटकाकडचा बोकडाचा फरा क्वचितच दोन किलोंच्या पुढे जातो. १८ इंचांच्या दोन जाळ्यांवर दोन फरे आणि दोन कोंबड्या ऐसपैस बसतात. २२ इंची तापायलाच कितीतरी जास्त कोळसा लागतो आणि तो दरवेळी वाया जातो.

ड्रमचा स्मोकर मी घडवून घेतला. २०० लिटरचा लोखंडी पिंप, तळाशी कोळशाची टोपली, वर जाळी, खाली तीन झडपा आणि झाकणावर एक, इतकी त्याची साधी रचना आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हे काम करून देणारे कारागीर सहज सापडतात, आणि माझा खर्च पिंप, जाळ्या व मजुरी धरून ९,००० रुपयांच्या आत राहिला. पण मी ज्यांच्याकडे काम दिले त्यांनी स्टीलची जाळी सांगितलेली असताना जस्ताचा मुलामा दिलेली जाळी बसवून दिली, आणि ती चकाकत असल्यामुळे मलाही पहिल्या नजरेत फरक कळला नाही. जस्त तापल्यावर त्याची विषारी वाफ निघू शकते, तेव्हा अशी जाळी निखाऱ्याजवळ अजिबात चालत नाही. मी ती काढून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची करून घेतली. पिंपही खाद्यतेलाचाच असावा, आणि आतला लेप मोठा जाळ करून पूर्ण जाळून, घासून काढल्याशिवाय त्यात अन्न ठेवू नये.

पहिल्याच दिवशी झाकणाच्या कडेने धुराची झिरमिळी लोंबू लागली. घरातून कणीक मळून आणली आणि बिर्याणीच्या हंडीला दम देताना लावतात तशी कडेने थापली, तेव्हा पंधरा मिनिटांत काटा १६०वरून खाली येऊ लागला आणि १२०वर येऊन स्थिरावला. कणीक वाळून दगडासारखी झाली, त्यामुळे झाकण उघडायला नंतर उलथने लागले. दुसऱ्या आठवड्यात बॉयलरचे सामान विकणाऱ्या दुकानातून काचतंतूची उष्णतारोधक दोरी आणून ती झाकणाच्या आतल्या कडेला बसवली, आणि त्यानंतर हा ड्रम बुलेटच्या जवळपास स्थिर चालतो. पाण्याचे भांडे नसल्याने चरबी थेट निखाऱ्यांवर ठिबकते आणि त्या धुराचा खमंग वास कोंबडीला फार छान लागतो. फऱ्याला मात्र मला बुलेटचा सौम्य धूरच आवडतो.

कामाडो जाड सिरॅमिकचा असतो, उष्णता अतिशय चांगली धरतो आणि कोळसा इतका कमी खातो की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तरीही लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या गच्चीसाठी तो घेऊ नये. बिग ग्रीन एग या कंपनीच्या कामाडोचा मोठा आकार ७० किलोंहून जड आहे, आणि जिन्यात आपटला तर तडा जातो. शिवाय आच एकदा चढली की सिरॅमिक थंड व्हायला फार वेळ घेते. बाजूला अग्निपेटी असलेला आडवा ऑफसेट स्मोकर मुळात लाकडाच्या ओंडक्यांवर चालतो, अर्ध्या-पाऊण तासाला नवा ओंडका मागतो आणि पातळ पत्र्याचा असेल तर गच्चीवरच्या वाऱ्यात त्याचे तापमान टिकत नाही.

धुरासाठी लाकूड कोणते, यावर नाशिककर लगेच द्राक्षाच्या काड्यांचे नाव घेतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागांच्या बांधांवर त्यांचे ढीग पडलेले असतात, आणि फ्रान्समध्ये बोर्दो भागात द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजतात हेही खरे आहे. पण आपल्या बागांत मोरचूद आणि चुन्याच्या बोर्दो मिश्रणापासून इतर बुरशीनाशकांपर्यंत हंगामभर फवारण्या होतात आणि त्यांचा अंश सालीवर राहतो. फवारणीचा हिशेब ज्यांना स्वतः माहीत आहे अशांच्या बागेतल्या काड्या सोडल्या, तर मी त्या अन्नाखाली जाळत नाही. पेरू आणि आंबा ही लाकडे सहज मिळतात, मुठीएवढे तीन वाळलेले तुकडे पूर्ण शिजण्याला पुरतात, आणि पेरूचा धूर मटणाला विशेष साजतो. धूर पांढरा दाट असेल तोवर मांस आत ठेवू नये. तो विरळ निळसर झाला की ठेवावे, नाहीतर चव कडवट होते. पेटवायला रॉकेल किंवा तयार द्रव वापरू नये, कोळशाच्या चिमणीत, म्हणजे पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात, खाली कागद लावून निखारे करावेत. दगडी कोळसा तर स्वयंपाकाला वर्ज्यच समजावा.

झाकणावरच्या काट्यावर विसंबू नये, कारण तो घुमटातली हवा मोजतो, जाळीवरची नव्हे. दोन प्रोबचा (एक मांसात टोचायचा, एक जाळीवर ठेवायचा) डिजिटल थर्मामीटर स्मोकरइतकाच आवश्यक आहे. तो तपासताना उकळत्या पाण्यात १०० अंश दिसावेत अशी अपेक्षा ठेवू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. मांसाचा आकडा ७०च्या जवळ तासभर अडून बसला तर घाबरून आच वाढवू नये. पृष्ठभागावरचा ओलावा वाफ होताना घाम वाळल्यासारखा गारवा देतो, म्हणून तो अडतो. अशा वेळी मी फरा केळीच्या पानात गुंडाळून पुन्हा जाळीवर ठेवतो, आणि ९२-९३ अंशांवर सळई लोण्यात शिरावी तशी आत गेली की काढतो.

कोणताही स्मोकर बंद बाल्कनीत वापरू नये, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत राख त्याच रात्री, निखारे पूर्ण विझल्याची खात्री करून, काढून टाकावी. राख हवेतला ओलावा शोषते आणि त्या क्षारांनी तळाचा पत्रा गंजतो. माझ्या ड्रमच्या तळाला पहिल्याच पावसाळ्यात रुपयाएवढे भोक पडले, आणि आता तिथे चार मिलिमीटर जाडीची चकती वेल्ड केलेली आहे.