लॉ फर्ममध्ये प्रो बोनो काम रुजवायचं तर आधी काय: तास धरायचे की माणूस नेमायचा?

भागीदारांच्या बैठकीत प्रो बोनो कामाला, म्हणजे गरजू अशिलांसाठी विनामूल्य करायच्या वकिलीला, सहसा कुणी विरोध करत नाही. सगळे होकार देतात, दुसऱ्या दिवशी ईमेल जातो, ‘ज्यांना इच्छा असेल त्यांनी जरूर करावं’. सहा महिन्यांनी पाहिलं तर तेच दोन-तीन कनिष्ठ वकील रात्री आठनंतर गरजू अशिलांच्या फायली घेऊन बसलेले असतात. बाकीच्यांनाही इच्छा असते, पण तो वेळ कुठल्या हिशेबात धरायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ज्या फर्मला हे काम मनापासून करायचं आहे, तिच्यापुढे चार वाटा आहेत. सगळं वकिलांच्या स्वेच्छेवर सोडणं, प्रो बोनो तास बिलाच्या (म्हणजे अशिलाकडून पैसे घेतलेल्या) तासांइतकेच धरणं, या कामासाठी पूर्णवेळ माणूस नेमणं, किंवा गरजू अशील आणि वकील यांची गाठ घालून देणाऱ्या बाहेरच्या संस्थेशी जोडून घेणं. चारही एकत्र चालू शकतात. पण पैसा आणि लक्ष दोन्ही मर्यादित असतात, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे ठरवावंच लागतं.

स्वेच्छेची वाट चार-पाच वकिलांच्या छोट्या फर्मला पुरते. तिथे कोण काय करतंय हे सगळ्यांना दिसतं आणि वरिष्ठ स्वतः एखादं प्रकरण चालवत असले की वेगळं धोरण लिहून काढायची गरज पडत नाही. फर्म वाढली, तासांचं वार्षिक उद्दिष्ट आलं, बोनस त्याला जोडला गेला की ही वाट बंद होते. तिथून पुढे प्रत्येक विनामूल्य तास कनिष्ठाच्या स्वतःच्या खिशातून जातो.

तास धरण्याचा मुद्दा इथे येतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार याच्यावर व्हायला हवा. तास पूर्ण धरले तर कनिष्ठ वकील निर्धास्तपणे प्रकरण हाती घेतो. अर्धे धरले तर ‘हे काम अर्ध्या मोलाचं’ असा निरोप पोचतो, कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी. कमाल मर्यादा घातली तर आणखी एक अडचण होते: खटला मर्यादा पाहून संपत नाही. मर्यादेपर्यंतचे तास भरले आणि सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, अशा वेळी वकिलाने काय करायचं? मर्यादा ठेवायचीच असेल तर सुरू असलेलं प्रकरण संपेपर्यंत ती लागू होणार नाही असं धोरणात स्पष्ट लिहा.

किती तास हे ठरवताना बाहेरचे मापदंड उपयोगी पडतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियम ६.१ मध्ये प्रत्येक वकिलाने वर्षाला किमान ५० तासांची आकांक्षा ठेवावी असं म्हटलं आहे. ती सक्ती नाही. ऑस्ट्रेलियात २००७ पासून वकिलामागे वर्षाला ३५ तासांचं राष्ट्रीय ऐच्छिक उद्दिष्ट आहे. अमेरिकेतल्या प्रो बोनो इन्स्टिट्यूटने मोठ्या फर्मांना घातलेली साद बिलाच्या एकूण तासांच्या ३ किंवा ५ टक्क्यांची आहे. वर्षाला २,००० तासांचं बिल करणाऱ्या वकिलासाठी ३ टक्के म्हणजे ६० तास, आठवड्याला तासाभराहून थोडं जास्त. हा हिशेब भागीदारांपुढे मांडा. बरीच भीती त्या आकड्यानेच कमी होते.

पूर्णवेळ माणूस नेमण्याची कल्पना जुनी आहे. वॉशिंग्टनमधल्या होगन अँड हार्टसनने १९७० मध्येच या कामासाठी स्वतंत्र विभाग उभा केला होता. असा माणूस प्रकरणं पारखून घेतो, हितसंबंधांचा संघर्ष तपासतो, करारांवर काम करणाऱ्या वकिलाला कोर्टातल्या कामाचं प्रशिक्षण मिळवून देतो, आणि कनिष्ठाने मध्येच फर्म सोडली तर फाईल पोरकी होऊ देत नाही. हे शेवटचं काम कुणाच्या लक्षात येत नाही, पण अशिलासाठी तेच सगळ्यात मोठं असतं. धोका एवढाच, की ‘ते त्या विभागाचं काम’ म्हणून बाकीचे हात झटकतात. तास धरलेले नसतील तर या माणसाचं वर्ष लोकांची मनधरणी करण्यातच जातं.

बाहेरच्या संस्थेशी जोडून घेणं सगळ्यात लवकर सुरू होतं. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनची ट्रस्टलॉ सेवा २०१० पासून स्वयंसेवी संस्था आणि सामाजिक उद्योगांना वकिलांशी जोडून देते. अशिलाची पारख तिकडे होते आणि कामाला ठरलेला आवाका असतो: एखादा करार, नोंदणी, नियमांचा अभ्यास. कोर्टात कधी उभं न राहिलेल्या वकिलांना हे जमतं. मात्र घरातून काढलं जात असलेला भाडेकरू किंवा मारहाणीतून सुटून आलेली बाई या वाटेने तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. त्यासाठी कायदेविषयक मदत केंद्रांशी वेगळं नातं जोडावं लागतं.

एक अडचण चारही वाटांवर येते. बँकांचं काम करणारी फर्म कर्जदाराची बाजू घ्यायला कचरते, मालकांचं काम करणारी कामगाराची. प्रत्यक्ष संघर्ष नसला तरी मोठा अशील नाराज होईल ही धास्ती असते. हा निर्णय प्रकरण दाराशी आल्यावर घेऊ नका. कुठली क्षेत्रं आपण घेऊ शकत नाही हे आधीच लिहून ठेवा आणि उरलेल्यांत मोकळेपणाने उतरा.

निवड करायची झाली तर माझा क्रम असा: वीस वकिलांपर्यंतची फर्म असेल तर पूर्ण तास धरा आणि एका बाहेरच्या संस्थेशी जोडून घ्या, जबाबदारी एका भागीदाराच्या नावावर असू द्या आणि तिचेही तास धरा. शंभरच्या पुढे गेलात की पूर्णवेळ माणूस हवाच, पण तासांचं धोरण मंजूर झाल्यावर. पहिलं प्रकरण घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. व्यावसायिक दायित्वाच्या विम्यात विनामूल्य काम येतं का, आणि कोर्ट फी, भाषांतर, प्रवास यांचा खर्च कोण करणार. अशिलाला द्यायच्या पत्रात हे दोन्ही पहिल्याच पानावर असावं.