उयुनी, दरवाझा की स्वालबार्ड? एकच निवडायचं असेल तर

फोटो बघून या तिन्हीपैकी कुठलंच ठिकाण ठरवू नका. फोटो वर्षातल्या नेमक्या कुठल्या महिन्यात काढलाय ते त्यावर लिहिलेलं नसतं आणि इथं सगळा खेळ महिन्याचाच आहे. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान, तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातला दरवाझाचा जळता खड्डा आणि नॉर्वेचा उत्तर ध्रुवाजवळचा स्वालबार्ड द्वीपसमूह, तिन्ही जगावेगळी आहेत, पण एकाच माणसाला तिन्ही सारखी जमतील असं नाही.

आधी उयुनी, कारण गैरसमज तिथेच जास्त. आकाश पायाखाली दिसतंय असा जो आरशासारखा फोटो सगळीकडे फिरतो तो साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल या पावसाळ्यातला, मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो तेव्हाचा. मे ते नोव्हेंबर गेलात तर आरसा नाही, पण मग दहा हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेलं कोरडं पांढरं मैदान, त्यावर मिठाच्या उंचवट्यांनी आखलेले षटकोन, बुटाखाली करकर आवाज करणारे, आणि मधोमध इंकावासी नावाचं उंच उंच निवडुंगांचं बेट. पावसाळ्यात पाणी जास्त झालं की जीप त्या बेटापर्यंत जातच नाही, म्हणजे आरसा आणि बेट दोन्ही एका ट्रिपमध्ये मिळतील असं धरून चालू नका. मला विचाराल तर कोरडा सीझन जास्त भावतो, आरसा थोडा वेळ बघून होतो, षटकोनांवर बसून मात्र अख्खी संध्याकाळ निघते. एक मात्र करा, सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, मिठावरून ऊन उलटं वर येतं आणि लोक नेमके तिथेच भाजतात.

स्वालबार्डचंही तसंच. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत पूर्ण काळोख, दुपारी बारालाही रात्रच, ऑरोरासाठी, म्हणजे आकाशातल्या त्या रंगीत ध्रुवीय प्रकाशासाठी जाणाऱ्यांना हेच हवं असतं. एप्रिलच्या वीस तारखेच्या आसपास सूर्य वर राहतो तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळतच नाही, बोटीनं फिरायचं तर हा काळ. मार्च ते एप्रिलचा मध्य हा मधला काळ मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, बर्फ घट्ट असतो, स्नोमोबाइल (बर्फावरची मोटरगाडी) चालते आणि दिवस-रात्र दोन्ही मिळतात.

दरवाझाला सीझन म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, बाकी वेळी काराकुमचं वाळवंट एकतर भाजतं नाहीतर गोठवतं. पण तिथला खरा प्रश्न महिन्याचा नाही, वर्षाचा आहे. जवळपास ७० मीटर रुंदीचा हा खड्डा कित्येक दशकं जळतोय (१९७१ मध्ये ड्रिलिंग करताना जमीन खचली आणि मग गॅस पेटवून दिला असं सांगतात, पण त्याची पक्की नोंद काही सापडत नाही). २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी ही आग विझवायचा मार्ग शोधा असा आदेश दिला आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारी गॅस कंपनीकडून सांगण्यात आलं की आग पूर्वीच्या साधारण एक तृतीयांशावर आलीय, आजूबाजूला विहिरी खोदून मिथेन काढून घेतायत म्हणून. पर्यावरणासाठी हे चांगलंच आहे, उगाच वाया जाणारा गॅस आहे तो. पण जुने व्हिडिओ बघून तेवढ्याच ज्वाळांची अपेक्षा ठेवून जाणार असाल तर हिरमोड होईल.

आता शरीराचा हिशोब. दरवाझा सगळ्यात सोपं, राजधानी अश्गाबातपासून साधारण २६० किलोमीटर, रस्ता खराब, कंबर दुखेल एवढंच. स्वालबार्डला थंडी असली तरी कपड्यांनी ती आवरता येते. उयुनीची उंची मात्र कशानेच आवरत नाही, मैदानच ३,६५६ मीटरवर आहे आणि तीन दिवसांच्या नेहमीच्या जीप टूरमध्ये लाल तळं, फ्लेमिंगो वगैरे बघत तुम्ही ४,८०० मीटरच्या पुढे, जमिनीतून वाफ उसळणाऱ्या गीझरपर्यंत जाता. इथे एक गोष्ट बुकिंग करताना कुणी नीट सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय: चिलीतल्या सान पेद्रो दे अताकामाकडून टूर सुरू केली तर २,४०० मीटरवरून निघून पहिल्याच दिवशी सगळ्यात उंच भाग येतो आणि पहिली रात्रही ४,००० मीटरच्या वरच काढावी लागते. डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, पुढचं काही धड बघणं होत नाही. त्याऐवजी उयुनी गावात दोन रात्री नुसत्या राहा आणि तिकडून सुरू करा, मीठ आधी, उंची नंतर. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

कागदपत्रांत क्रम उलटा होतो. बोलिव्हियात शिरलात की तुम्ही मोकळे. तुर्कमेनिस्तानच्या टुरिस्ट व्हिसाला टूर कंपनीमार्फत आमंत्रणपत्र लागत आलंय आणि सोबत गाइड, त्यामुळे एकट्यानं मनात येईल तसं भटकणाऱ्यांची घुसमट होते (नियम बदलू शकतात, दूतावासात विचारूनच पुढे जा). स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागतच नाही, १९२० चा करार झाल्यापासून त्याचं सगळंच वेगळं चाललंय, पण ते शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसा विभागात येत नाही, त्यामुळे विमान नॉर्वेतून जात असेल तर शेंगेनमधून बाहेर पडून परत आत यायचं असतं, म्हणून ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी डबल एन्ट्रीचा घ्यायचा, हे विसरलेले लोक परतीच्या वाटेवर अडकतात. तिथं वस्तीबाहेर अस्वलाला पळवून लावायचं साधन बाळगल्याशिवाय जाता येत नाही, त्यामुळे गाइड हवाच, आणि २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर. म्हणजे अस्वल जवळून बघायला जाणार असाल तर जाऊच नका. पिरामिडेनला मात्र नक्की जा, १९९८ मध्ये बंद पडलेलं सोव्हिएत काळातलं खाणकामगारांचं गाव, लेनिनचा पुतळा अजून उभा आहे आणि एका रिकाम्या इमारतीच्या खिडकीखिडकीत किटिवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करून बसलेले असतात, उन्हाळ्यात कलकलाट असा की गाव ओस पडलंय हे विसरायला होतं.

चौथं नाव सोकोत्राचं येतं, येमेनचं ते ड्रॅगन ब्लड झाडांचं बेट. मन खूप ओढतं, पण विमानं मोजकी, बरेच देश तिथं जाऊ नका म्हणून सांगतात आणि तसं सांगितलेलं असलं की इन्शुरन्स बहुतेक वेळा लागू होत नाही. सध्या नको.

तर, अशा ठिकाणी पहिल्यांदाच जात असाल किंवा आईवडील सोबत असतील तर स्वालबार्ड. दहा-बारा दिवस हातात असतील आणि शरीर साथ देत असेल तर उयुनी, तिन्हीत सगळ्यात जास्त देऊन जाणारं तेच. दरवाझा एका रात्रीचा मामला आहे, नुसतं तेवढ्यासाठी जाऊ नका, मध्य आशियाची ट्रिप ठरतच असेल तर ते त्यात घाला, पण ते दोन वर्षं पुढे ढकलू नका आणि रात्रीचा मुक्काम खड्ड्याजवळच्या यर्टमध्येच (तिथला गोल तंबू) ठेवा, दिवसाउजेडी ती आग फारशी दिसत नाही.