हाँगकाँगचं डिमसम: ट्रॉलीवरचं की चिठ्ठीवरचं?

सासू-सासरे आणि मुलांसह हाँगकाँगला निघालेल्या मैत्रिणीचा प्रश्न: डिमसम, म्हणजे चहासोबत खायचे छोटे छोटे चिनी पदार्थ, खायला कोणत्या रेस्टॉरंटमध्ये जावं, सिटी हॉल मॅक्झिम्स पॅलेस की टिम हो वान?

खर्चात टिम हो वान सरळ स्वस्त. मॅक्झिम्स पॅलेसमध्ये पदार्थांखेरीज माणशी चहाचे पैसे आणि सेवाशुल्कही धरा. रांग दोन्हीकडे असते.

खरा फरक ताजेपणात. टिम हो वानला चिठ्ठीवर हव्या त्या पदार्थांसमोर खुणा करायच्या, मग टोपली वाफाळत येते. हार गाऊचं, म्हणजे कोळंबीच्या मोदकाचं, आवरण तेव्हा काचेसारखं असतं, आतली गुलाबी कोळंबी दिसते. गार झालं की तेच चिकटतं, फाटतं. मॅक्झिम्स पॅलेसमध्ये पदार्थ ट्रॉलीवरून टेबलापाशी येतात; टोपली किती फिरून आली, ते नशिबावर. पण झाकण उघडून बघून घेता येतं, आणि नावं न कळणाऱ्या आजी-आजोबांना हे फार सोयीचं. मुलं तर ट्रॉलीची वाटच बघत बसतात!

शाकाहारींनी दोन्हीकडे विचारूनच घ्यावं. मुळ्याच्या केकमध्येसुद्धा डुकराचं मांस असतं.

तीन पिढ्या निवांत बसणार असतील तर मॅक्झिम्स पॅलेस, तेही रविवार सोडून. दोघं-तिघंच असाल आणि चवीलाच महत्त्व असेल तर टिम हो वान.