‘हाफ इंजिन करावं लागेल’ : स्टेथोस्कोप आणि कॉम्प्रेशन गेजचे आठ महिने

गाडी दोन दारांची, छप्पर उघडणारी, १९९०च्या दशकातली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की लोक किंमत विचारत बसतात आणि धूर राहतो बाजूला. तसाही हा अनुभव गाडीचा नाही, तिच्यापायी घेतलेल्या दोन अवजारांचा आहे : मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, साडेचारशे रुपये, आणि पुण्याच्या नाना पेठेतून अकराशेला आणलेलं कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा.

तक्रारी दोन होत्या. सकाळी थंड इंजिन चालू केलं की टक-टक-टक, आणि अधूनमधून निळा धूर. तीन गॅरेजं फिरलो. एकाने टॅपेट (वॉल्व्ह ढकलणारे भाग) सांगितले, एकाने बेअरिंग, तिसऱ्याने बॉनेट न उघडताच ‘रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल’, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलायचं मोठं काम, असा निकाल दिला. आवाज आणि धूर ही एकाच आजाराची दोन लक्षणं, हे मात्र तिघांनी गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं, आणि तिथेच दोन महिने वाया गेले.

स्टेथोस्कोप डॉक्टरांच्यासारखाच, फक्त पुढे चकतीऐवजी लोखंडी सळई. पहिले काही आठवडे त्याने मला घाबरवण्यापलीकडे काही केलं नाही. सळई कुठेही टेकवा, सगळीकडून खडखडाट. इंजेक्टरवर टेकवली तर इतकं स्वच्छ टिकटिक ऐकू आलं की मी दोष सापडल्याच्या आनंदात चहा प्यायलो. इंजेक्टर तसेच वाजतात, हे नंतर कळलं. म्हणून आधी धडधाकट इंजिन ऐकून कान तयार करावा. मी भावाची हॅचबॅक रोज सकाळी ऐकायचो.

कान तयार झाल्यावर कळलं की वॉल्व्ह कव्हरवर आवाज साधारणच आहे आणि खाली ऑइल चेंबरजवळ काहीच ठोकत नाही. बेअरिंगचा ठोका जड असतो आणि इंजिनवर जोर आला की वाढतो. माझा आवाज हलका होता आणि दहा मिनिटांत विरायचा. मग सळई काढली आणि नुसती नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या, कडेने फिरवली. चौथ्या सिलिंडरपाशी फुस-फुस. त्या प्लगची वायर क्षणभर काढली (इन्सुलेटेड पक्कडीने, नाहीतर झटका बसतो, आणि जास्त वेळ नको, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं) तर टकटक जवळजवळ बंद. मॅनिफोल्ड आवळणारा एक स्टड (बोल्ट) तुटला होता, जोडातल्या गॅस्केटच्या कडेला काजळी जमली होती. मॅनिफोल्ड तापून फुगलं की फट मिटायची, म्हणून आवाज जायचा. टॅपेट वगैरे काही नाही. तुटका स्टड लेथवाल्याने काढून दिला, नवी गॅस्केट बसवली, आवाज गेला.

धूर होता तसाच.

धुराचं निदान बोपदेव घाटाने केलं. सासवडहून येताना घाट चढेपर्यंत आरसा स्वच्छ. कोंढव्याच्या बाजूला गिअरमध्ये ठेवून, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलो आणि खाली येऊन पाय दाबला, तर मागे निळा ढग. मागचा रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, “काका, डास मारायचं कंत्राट घेतलंय का?” रिंगा गेल्या असत्या तर चढावर, जोर पडताना धूर आला असता. उतारावर थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये निर्वात वाढतो, वॉल्व्ह गाइडच्या झिजलेल्या सीलमधून ऑइल आत ओढलं जातं, आणि पुढच्या पिकअपला जळतं. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिला भपकारा मारणं हेही त्यातलंच. डिसेंबरात खडकवासल्याला पहाटे दिसणारा पांढरा धूर यात धरू नका, ती नुसती वाफ. गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट बघा. पीयूसी पास आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. पेट्रोल गाडीला तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, निळेपणा कुणी बघत नाही.

गेजने खात्री करायची ठरवली. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. तिसऱ्या सिलिंडरला काटा शून्यावरच. पाय गळाले. मग लक्षात आलं, नळीच्या टोकाचं रबर रिंग कापलं गेलंय. या किमतीत अशीच रबरं मिळणार. दोन जादा आणून ठेवा. नवं रबर लावल्यावर आकडे आले १६८, १६६, १६९, १६४ पीएसआय (दाबाचं एकक). मॅन्युअलमध्ये १८०. पुन्हा घाम. पण पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, म्हणजे इथे १७०च्या आसपास धरायचं. चौघांतला फरकही किरकोळ. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं, आकडे फारसे हलले नाहीत. रिंगा गेल्या असत्या तर ते चांगलेच वर गेले असते.

वॉल्व्ह सील हेड न काढता बदलले. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी केलं त्यांनी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरली आणि क्रँक फिरवून पिस्टन वर आणला, म्हणजे दोरीच्या टेक्यावर वॉल्व्ह अडून राहतात, स्प्रिंग काढली तरी आत पडत नाहीत. मी सुतळी देऊ केली तर म्हणाले, “सुतळी नको, धागे सुटतात.” पूर्वी पंधराशे किलोमीटरला एक लिटर ऑइल खायची, आता पाव लिटरही नाही.

प्लगच्या भोकातून आत बघायला मोबाइलला जोडायचा कॅमेराही घेतला होता. काळा कार्बन काळाच दिसतो, पैसे पाण्यात. स्टेथोस्कोपची नळी एकदा इंजिनच्या फिरत्या पट्ट्यात जाता जाता वाचली, तेव्हा चालू इंजिनजवळ लांब बाह्यांचा शर्ट नको.

सध्या स्टेथोस्कोप माझ्याकडे नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या पंपासाठी मागून नेलाय. तिथलं बेअरिंग मात्र खरंच गेलंय.